एडिथबाई आणि दारातला कडुलिंब

७ सप्टेंबर

विल्सन! कोण हा मेला विल्सन?

अभ्यासकेंद्रावर पोचायला मला उशीर झाला आणि तोवर सगळ्यांनी चांगली चांगली नावं पटकावली. लिंकन गेला, केनेडी गेला, वॉशिंग्टन तर पहिल्याच बाईने उचलला. सर म्हणाले, "उत्कर्षाताई, तुमच्यासाठी वुड्रो विल्सन. अमेरिकेचे अठ्ठाविसावे अध्यक्ष. जीवन आणि राजकीय कारकीर्द. चाळीस पानं, ऑक्टोबरअखेर." चाळिशीत एम.ए. करायला निघालेल्या बाईची एवढीच किंमत!

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर खो खो हसले. "घरात सरपंच हाय ना, त्याच्यावर लिही की. फक्त चाळीस पानं भरनार नाय, चारच भरतील."

१० सप्टेंबर

घरात एकच विषय. पाणी, पाणी, पाणी. कोणाकोणाचे टँकर आमच्या रस्त्याने नदीवर उतरतात आणि कारखान्यांचं घाण पाणी सोडून पळतात. मासे उलटे होऊन तरंगतात. ठमी आत्याच्या, म्हणजे ह्यांच्या आत्याच्या, दोन शेळ्या त्या पाण्याने गेल्या.

ह्यांनी दोन वर्षं वणवण करून नदीकाठची पाच गावं एकत्र आणली. पाचांनी एकच ठराव करायचा — टँकर शिरू द्यायचा नाही, नाक्यावर राखण बसवायची, एका गावावर कोणी धावून आलं की बाकीच्या चारांनी जायचं. मग सगळे ठराव एकत्र घेऊन कोळगावला कलेक्टरसमोर उभं राहायचं. चार गावांचं झालंय. राहिलंय आमचं! आमची ग्रामसभा दोन ऑक्टोबरला. आणि नदीवर उतरायचा गाडीरस्ता आहे तो फक्त आमच्या गावातून. आमचा ठराव झाला नाही तर बाकीचे चार चुलीत घाला.

त्यात आमचा उपसरपंच सुजित. त्याचे स्वतःचे दोन टँकर. गोडं पाणी वाहतो म्हणे. डोंबलाचं गोडं!

१२ सप्टेंबर

विल्सन वाटला तेवढा कंटाळवाणा नाही. पाद्र्याचा मुलगा. दहा वर्षांचा होईस्तोवर नीट वाचता येत नव्हतं! आश्रमशाळेत बाई मला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या ते आठवलं. पुढे हाच प्राध्यापक झाला, विद्यापीठाचा प्रमुख झाला, मग एका राज्याचा गव्हर्नर आणि दोनच वर्षांत थेट राष्ट्राध्यक्ष. काय झपाटा!

पण एक वाचून डोकं फिरलं. ह्याच्या राज्यात सरकारी कचेऱ्यांतल्या काळ्या कारकुनांना वेगळं बसवलं. मध्ये पडदे लावले. जेवायला वेगळं, संडास वेगळे. ते लोक तक्रार घेऊन आले तर हा म्हणे त्यांच्यावरच रागावला. आणि पुढे हाच साऱ्या जगाला न्याय शिकवायला निघाला! पालघरला कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या आईने मला वेगळ्या कपात चहा दिला होता. ती पण फार दयाळू म्हणून प्रसिद्ध होती. हे प्रकल्पात लिहिणारच. सरांना आवडो न आवडो.

ठमी आत्या सांगत आली, "कैलास नि सुजित बेटेगावच्या फाट्यावर चा पीत व्हते." हे आणि सुजितबरोबर चहा? ह्यांना विचारलं. "अजून कच्चं हाय. शिजलं का वाढतो." राजकारणातलं मला काही सांगायचं नाही ही ह्यांची जुनी खोड. मग मी जेवण वाढलं आणि बाहेर जाऊन बसले.

१४ सप्टेंबर

हे पडले. वापीला दवाखान्यात आहोत. लिहवत नाही.

१६ सप्टेंबर

लिहिलं नाही तर फुटेन मी.

परवा सकाळी ओट्यावर तोंड धूत होते. तांब्या सुटला. मी आतून ओरडले, "काय सांडलंत?" उत्तर नाही. बाहेर आले तर भिंतीला टेकून बसलेले, तोंड वाकडं, उजवा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा लोंबत होता. लकवा! माझा भाऊ हितेश आदल्या दिवशी मुक्कामाला होता म्हणून त्याची इको गाडी दारात होती. दोघांनी उचलून मागे घातलं.

हितेश म्हणाला, "ताई, बोईसरला घेतो, जवळ पडेल."

मी म्हटलं, नको.

मीच म्हटलं. बोईसरमध्ये ह्यांना कोण ओळखत नाही? तासाभरात गावभर होईल, सुजितला कळेल, सरपंच आडवा पडला की कारभार उपसरपंचाकडे, सभेत खुर्चीवर तोच, आणि दोन वर्षांची वणवण नदीत. एवढं सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. म्हटलं, वापीला चल, दोन तास लागले तरी चालतील. हे माझ्या मांडीवर होते. डोळे उघडे, माझ्यावर.

वापीचा डॉक्टर म्हणाला, "देर कर दी, बहन. पहले आते तो इंजेक्शन दे सकते थे."

हितेश खिडकीबाहेर बघत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर

घरी आणलं. डॉक्टर सोडत नव्हते, मी सही करून सोडवलं.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाही. डाव्या हाताने थोपटतात — एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. नर्सने शिकवलं. पाणी हवं? दोनदा. उशी उंच करू? एकदा. मोठं काही विचारत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, डोक्याला ताण नको.

दुपारी सगळे शेतावर असताना चादरीत गुंडाळून आत घेतलं. आणि मग मी दारात कडुलिंबाचा डहाळा बांधला.

कोणी विचारायची गरजच उरली नाही. शेजारच्या मंगळीने लांबूनच हात जोडले, "देवी आल्या काय?" मी मान हलवली. पालघरला माझ्या माहेरी ताप भरला, अंगावर देवी आल्या, असं सांगितलं. कांजिण्या असलेल्या घरात आमच्याकडे परकं माणूस पाऊल टाकत नाही. ओट्याशीही येत नाही. मोठ्याने बोलत नाहीत, भांडत नाहीत. अंगणाशी आले की आवाज खाली. ह्याच्याहून मजबूत कुलूप कुठलं?

आमची लेक वैभवी वसतिगृहात आहे ते एक बरं. तिलाही खोटं सांगायला लावलं असतं मी.

२० सप्टेंबर

देवी म्हटल्यावर फोडणी बंद. तळण बंद. फोडणीचा वास बाहेर गेला की मंगळी ओळखणार. त्यामुळे पेज आणि बिनफोडणीचं वरण. ह्यांना भरवते, अर्धं उजवीकडून गळतं, पुसते. आज पुसताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी उगाच ओरडले, "रडायचं नाही हां! सभेला बसायचंय तुम्हाला!"

ग्रामसेवक सभेची नोटीस घेऊन अंगणाबाहेर उभा राहिला. "सरपंचांची सही लागेल." कागद ओट्यावर ठेवून मागे सरकला बिचारा. मी आत नेला, ह्यांच्या जुन्या सहीवर नजर ठेवून सही केली आणि आणून दिला. जमली!

२१ सप्टेंबर

आज विल्सनचं पुढचं वाचायला घेतलं आणि अंगावर काटा आला. देवा, हे कसं?

महायुद्ध संपलं. हा पॅरिसला गेला, सगळ्या देशांना एकत्र बसवलं, राष्ट्रसंघ काढला. एकावर हल्ला झाला की बाकीच्यांनी धावायचं! हे वाचून मी मोठ्याने म्हटलं, "अहो, तुमचंच आहे हे!" पण त्याच्या स्वतःच्या देशाची सही बाकी होती. तिकडची सिनेट अडून बसली. मग हा लोकांना समजवायला आगगाडीने देशभर फिरला, भाषणांवर भाषणं. वाटेत कोसळला. घरी आणला. आणि मग झटका. डावी बाजू गेली.

तारीख? २ ऑक्टोबर १९१९.

पुस्तक मिटून ठेवलं. हात धुऊन आले. परत उघडलं.

त्याची बायको एडिथ. दुसरेपणाची. तिने दार लावून घेतलं. कोणाला सांगितलं नाही. मंत्री आले, दारातूनच परत. कागद तिच्या हातात द्यायचे, ती आत जाणार, बाहेर येऊन सांगणार — अध्यक्ष असं म्हणतात. पुढे ती म्हणाली म्हणे, मी निर्णय एकही घेतला नाही, काय महत्त्वाचं आणि त्यांना कधी सांगायचं एवढंच ठरवलं.

एवढंच! वा गं बाई!

पण हसू आलं नाही मला.

२२ सप्टेंबर

सुजित आला होता. चपला रस्त्यावर काढून कुंपणापाशी उभा.

"वहिनी, दादाला दोन मिंट बोलायचं हाय."

"देवी आहेत घरात. मला सांगा, मी सांगते."

"नाय, त्यालाच सांगायचं."

"मग बरे झाल्यावर या."

डहाळ्याकडे बघून हात जोडले नि गेला. आत येऊन बघते तर हे डाव्या हाताने खाटेची पाटी बडवत होते. धाड धाड! घशातून कसला तरी आवाज. सुजितचा आवाज ऐकून एवढा राग! मी पाय चेपले, म्हटलं, घालवला त्याला, शांत व्हा. मग आणखीच बडवायला लागले. शेवटी गोळी दिली तेव्हा झोपले.

२४ सप्टेंबर

बाकीच्या चार गावांचे फोन. सभेची तयारी काय, सरपंच काय म्हणतात.

"हे म्हणतात, तुमचा एकेक माणूस सभेला पाठवा." "हे म्हणतात, तरुण मुलांना पुढे बसवा." "हे म्हणतात, काळजी करू नका."

हे काही म्हणत नाहीत. हे छताकडे बघतात. पहिल्या दिवशी 'हे म्हणतात' म्हणताना जीभ अडली होती. आज अडली नाही. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी विचारत होतं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

२५ सप्टेंबर

व्यायाम. हात वर, हात खाली. बोट हलत नाही. डॉक्टर म्हणाले होते रोज शिकलेला माणूस येऊन करू दे, हे सुरुवातीचे दिवस गेले की परत मिळत नाहीत. कसा आणू? देवीच्या घरात बोईसरचा माणूस बॅग घेऊन शिरला तर?

दोन तारखेनंतर. सगळं दोन तारखेनंतर.

२६ सप्टेंबर

सुजित परत. आज आवाज चढला होता, पण मग स्वतःच खाली घेतला.

"वहिनी, सभा तोंडावर आली. त्याच्याशी बोललो नाय तर माजं बी अडतंय नि त्याचं बी."

"त्यांचं काही अडत नाही. तुमचं अडत असेल."

आत पुन्हा धाड धाड. बाहेर ऐकू गेलं. सुजित म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "खाज सुटते त्यांना."

विल्सनकडे दोन सिनेटर आले होते, माणूस खरंच शुद्धीवर आहे का बघायला. एडिथबाईंनी काय केलं? पांघरुणाने डावी बाजू झाकली, चांगला हात बाहेर ठेवला, खोलीत बेताचा उजेड. एकजण म्हणाला, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. तर विल्सन म्हणाला म्हणे, कुठल्या बाजूने? गडी पडल्या पडल्याही तिखट! सिनेटर गपगार परत गेले.

माझं ठरलं. दोन तारखेला खुर्चीवर बसवायचं. उजवी बाजू शालीत. देवीने अशक्त झालेत, घसा बसलाय म्हणायचं. ठराव वाचला की डावा हात वर. अर्धा तास. फक्त अर्धा तास बसा हो!

आज पाच मिनिटं बसले. मग कलंडले.

२८ सप्टेंबर

तिसऱ्यांदा आला. ह्या वेळी कुंपणाच्या आत.

मी दारात आडवी झाले. म्हटलं, "देवीचा कोप घ्यायचाय का? तुमच्या पोराबाळांवर जाईल. तुमचं पापाचं पाणी धुवायला इथे कशाला येता? चालते व्हा!"

देवीच्या घरातून कोणी असं बोलत नाही. मलाही कळलं, तोंडातून निघून गेल्यावर. सुजितचं तोंड पडलं. पोरांवरून बोलायला नको होतं. तो एवढंच म्हणाला, "बरं. मंग सभेत बघू."

आत हे बडवत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी किती हाका मारल्या, वळले नाहीत.

३० सप्टेंबर

दहा मिनिटं बसले! शालीत छान दिसतात.

१ ऑक्टोबर

संपलं.

सकाळी ठमी आत्या आली. हातात कळशी, हळद, फुलं, नारळ. मी विसरलेच होते! देवी जाताना घरातली वडील बाई पाणी घालते, तेव्हा कुठे माणूस मोकळा होतो. म्हणाली, "आता न्हाऊ घालाया पायजे त्याला. सभेला बसायचाय ना?" तिला मी कोणत्या तोंडाने अडवणार? लहानपणी ह्यांना तिनेच वाढवलं. मी म्हटलं, आत्या, उद्या. ती मला बाजूला करून आत गेली.

ह्यांची बंडी वर केली. छाती बघितली, पाठ बघितली. उजवा हात उचलला, सोडला. तो पडला.

"ह्याच्या अंगावर तं एक बी दाना नाय."

मी पाया पडले. सगळं सांगितलं. वापी, सुजित, ठराव, नदी. तुझ्या शेळ्या गेल्या ना आत्या, त्यासाठीच केलं म्हटलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ह्यांच्या केसांतून हात फिरवत रडत होती. मग म्हणाली, "सुजितला फसवलं आस्तं तं मी हासले आस्ते. नवरात तोंडावर हाय. आनि तू देवीचं खोटं बोललीस. आमी रोज तुज्या दारावरून अनवानी जात व्हतो, पोरी."

जाताना तिने दारातला डहाळा सोडला. कोणाला काही बोलली नाही. डहाळा पदरात घेऊन गेली, एवढंच.

दुपारपासून बाया येतायत. दारात उभ्या राहतात, आत बघतात, जातात.

२ ऑक्टोबर

ह्यांना नेलं नाही. आता कशाला झाकायचं? मी एकटी गेले.

शाळेच्या पडवीत सभा. खुर्चीवर सुजित. ग्रामसेवकाने ठराव वाचला. मी उभी राहिले. सवयीने तोंडातून गेलं, "हे म्हणतात —"

हसले असते तर चाललं असतं. कोणी हसलं नाही. मंगळी उठली. एरवी सभेत तोंड न उघडणारी बाई! "कोन म्हनतं? त्याला तं बोलताच येत नाय. तू म्हनतेस. आमी पोरांना गप केलं, भांडन झालं तं गिळलं, तुज्या दारासमोर चपला हातात घेतल्या. देवीसाठी. तू खिडकीतून बघत व्हतीस ना?"

बघत होते.

मी म्हटलं, माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, नदीवर नको. ठराव माझा नाही, त्यांचा आहे. मागून कोणी म्हणालं, "कशावरून?"

कशावरून! जे काही 'हे म्हणतात' म्हणून मी पंधरवडाभर सांगितलं, ते सगळं खोटं हे आता पोरासोरांना माहीत. त्यात हा एकच खरा. तो वेगळा काढून कसा दाखवू?

सुजितने हात वर करायला सांगितलं. बाकीच्या गावांहून आलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती, ती माना लांब करून बघत होती. समोर चारपाच तरुणांचे हात वर. बाकी सगळे मांडीवर. ठमी आत्याचा पण मांडीवर. दोन शेळ्या गेल्या तिच्या त्या पाण्याने, आणि तिने हात वर केला नाही.

सुजित जिंकला आणि तोंड मात्र सुतकी. नाटकं!

घरी आले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

३ ऑक्टोबर

फोडणी दिली. खाववली नाही.

५ ऑक्टोबर

बोईसरहून व्यायामवाला आला. चांगला पोरगा आहे. हात धरून, बोटं एकेक उघडून बघितली. "मॅडम, वापीहून आल्या आल्या का नाही बोलावलंत?" मी चहा करायला उठले.

कालच एक टँकर उतरला. दिवसाढवळ्या.

८ ऑक्टोबर

फाट्यावर सुजित भेटला. मी तोंड फिरवून चालले होते, तो आडवा आला.

"वहिनी, तीनदा आलो व्हतो."

मी त्याला वळसा घालून निघाले.

"दादाचं नि माजं ठरलं व्हतं. हितंच, चा पिताना. दिवाळीपर्यंत तो माजे टँकर अडवनार नाय, तवर मी ते इकून मोकळा होनार. नि ठराव मीच मांडनार. माज्या मागची पोरं माज्या एकट्याच्या शब्दावर मानत नव्हती. म्हनाली, सरपंचाच्या तोंडून ऐकव. म्हनून येत व्हतो. नुसती मान हालवली आस्ती त्यानं तरी चाललं आस्तं."

"खोटारडे!" मी त्याच्या तोंडावर म्हटलं. "आता मुका झालाय माणूस, म्हणून काहीही त्याच्या नावावर खपवताय!"

तो म्हणाला, "हां. तसं बी करतात लोक." आणि गाडीला किक मारून गेला.

खोटंच असणार. एवढं मोठं ठरलं असतं तर हे मला बोलले नसते? 'कच्चं हाय. शिजलं का वाढतो.' — चहा पिताना काय शिजत होतं?

नाही. खोटंच.

९ ऑक्टोबर

प्रकल्प संपवायला बसले. हाताला काम हवं.

विल्सनचं शेवटचं. सिनेटमधले बरेचजण तयार होते म्हणे, थोडे फेरफार करा, आम्ही हात वर करतो. त्याचा जुना मित्र हाऊस. त्याने पत्रं लिहिली, थोडं घ्या, थोडं द्या, संघ वाचवा. उत्तर आलं नाही. ती पत्रं आत पोचली की नाही कोणाला सांगता येत नाही. खुद्द विल्सनने आपल्याच माणसांना कळवलं की फेरफार असलेल्या ठरावाविरुद्ध मत द्या. एकदा पडला, परत मांडला, परत पडला. राष्ट्रसंघ झाला, जगाचे देश आत बसले, आणि ज्याने काढला त्याचाच देश बाहेर. नंतर तीनचार वर्षं जगला. बाई तर चाळीस वर्षांहून जास्त.

सर विचारतील, निष्कर्ष काय? मी लिहिलं, आजारी माणूस हट्टी होता की त्याच्याभोवतीचं दार, हे आता सांगता येत नाही. मग खोडलं. दार काय स्वतः लागतं?

एक मात्र कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. त्या बाईने कधी त्याच्या उशाशी बसून सरळ विचारलं का, तुम्हाला कोणाला भेटायचंय?

मी पण नाही विचारलं. पाणी हवं का विचारलं. उशी विचारली.

उद्या विचारते.

१० ऑक्टोबर

विचारलं.

सुजितचा आवाज आला की खाट बडवायचात. त्याला हाकल म्हणून? एकदा थोपटलं.

आत घे म्हणून?

दोनदा. मग हात माझ्या हातावर तसाच ठेवला. मीच माझा काढून घेतला.